वास गेला म्हणून विष गेले, असे लिहून देऊ नका

प्रति,
आपत्ती व्यवस्थापन विभाग, बृहन्मुंबई महानगरपालिका,
मुंबई अग्निशमन दल,
पालिका रुग्णालयांचे अधिष्ठाते,
आणि मुंबई परिसरातील कीटकनाशक गोदामांचे परवानाधारक

विषय: ऑर्गॅनोफॉस्फेट विषे मोडल्यावर मागे उरणारी रसायने आणि अहवालातला 'परिसर निर्धोक' हा शेरा

स. न. वि. वि.

'ब्लीचिंग पावडर टाकून परिसर निर्धोक करण्यात आला' हे वाक्य कुठल्याही रासायनिक सांडणीच्या अहवालात किती सहज लिहिता येते, हे आपण जाणताच. ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातल्या विषांच्या बाबतीत मात्र ते वाक्य लिहिण्याआधी पेन थांबले पाहिजे. शेतीत आणि डासनिर्मूलनात वापरली जाणारी मॅलॅथिऑन, क्लोरपायरीफॉस, ॲसिफेट ही औषधे आणि सरिन, व्हीएक्स ही युद्धातली नर्व्ह एजंट एकाच कुळातली आहेत. नसांचे काम सुरळीत ठेवणाऱ्या ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला (एन्झाइमला) ती सारख्याच रीतीने जखडतात. फरक आहे तो ताकदीचा. मोडतानाही त्यांचा स्वभाव जुळतो. कधी मूळ विष मोडून जवळपास निरुपद्रवी होते, तर कधी मोडता मोडता त्याचे आणखी जहाल विष तयार होते. यातली कुठली वाट धरली जाईल हे पाण्याचा पीएच (ते किती आम्ल वा आम्लारी आहे याचे माप), क्लोरीनचे प्रमाण आणि दिलेला वेळ यांवर ठरते. या तिन्ही गोष्टी सफाई करणाऱ्याच्या हातात असतात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहोत.

आधी युद्धविषांबद्दल, कारण त्यांच्या अवशेषांचा अभ्यास सर्वांत बारकाईने झाला आहे. सरिन पाण्यात गेला की त्याच्यातला फ्लोरिन सुटतो आणि आयसोप्रोपिल मिथिलफॉस्फोनिक आम्ल उरते. तेही पुढे फार सावकाश तुटून मिथिलफॉस्फोनिक आम्ल होते. ही दोन्ही आम्ले कोलिनेस्टरेजला जखडत नाहीत, त्यांची तीव्र विषारकता कमी आहे, पण ती चिवट आहेत. इराकमधल्या बिर्जिन्नी या कुर्द गावावर ऑगस्ट १९८८ मध्ये हल्ला झाला. तिथली माती जून १९९२ मध्ये, म्हणजे जवळजवळ चार वर्षांनी, तपासायला नेली, तेव्हाही ही दोन आम्ले त्यात सापडली. सरिनच्या बाबतीत उरलेला पदार्थ साक्षीदार असतो, मारेकरी नसतो.

व्हीएक्सचे तसे नाही. त्याचा रेणू दोन ठिकाणी तुटू शकतो. फॉस्फरस आणि गंधक यांच्यातला बंध तुटला तर विष संपते. पण तो बंध शाबूत राहून दुसऱ्या बाजूचा इथॉक्सी गट गळाला, तर ईए-२१९२ नावाचा पदार्थ उरतो. साध्या किंवा सौम्य आम्लारी पाण्यात, साधारण पीएच ७ ते १० या टप्प्यात, हा पदार्थ लक्षणीय प्रमाणात तयार होतो. तो घन आहे, त्याची वाफ होत नाही, कातडीतून तो फारसा शिरत नाही. म्हणून वास घेणाऱ्याला किंवा वाफ मोजणाऱ्या यंत्राला तो सापडत नाही. पण तो पाण्यात विरघळतो, पाण्यात दीर्घकाळ टिकतो, आणि पोटात किंवा रक्तात गेला तर त्याचा विकरावरचा परिणाम मूळ व्हीएक्सच्या जवळपास असतो. जमिनीवरून व्हीएक्स नाहीसा झाला आणि गटारातल्या पाण्यात ईए-२१९२ होऊन बसला, तर त्याला निर्धोक कसे म्हणायचे? टॅबून या तिसऱ्या युद्धविषाची तऱ्हा आणखी वेगळी. त्यातून सायनाइड सुटते, आणि वर ब्लीच ओतले तर सायनोजेन क्लोराइड हा विषारी वायू तयार होतो. एकाच कुळातल्या तीन विषांचे हे तीन शेवट पाहिले, की सगळ्यांवर एकच पावडर हा उपाय अपुरा का, ते कळते.

उरलेल्या पदार्थाची मर्यादा काय धरायची, हाही प्रश्न सोपा नाही. अमेरिकेत डेन्व्हरजवळच्या रॉकी माउंटन आर्सेनलमध्ये सरिन तयार करताना डायआयसोप्रोपिल मिथिलफॉस्फोनेट हा जोडपदार्थ होत असे. तो भूजलात उतरला. त्याच्यासाठी तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ६०० मायक्रोग्रॅम ही सल्लामर्यादा दिली, तर कोलोरॅडो राज्याने ८ मायक्रोग्रॅमचे मानक लावले. पंचाहत्तर पटींचा हा फरक. सांडणी झाल्यावर रात्री अकरा वाजता मर्यादा शोधायला बसू नये, एवढे तरी त्यातून शिकता येते.

भारताने घोषित केलेला रासायनिक शस्त्रांचा साठा २००९ मध्ये पूर्ण नष्ट झाला. मुंबईत उद्या व्हीएक्स सांडेल असे आम्ही म्हणत नाही. पण ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके टेम्पोंतून, कंटेनरमधून, गोदामांतून इथे कायम ये-जा करतात, आणि मोडण्याच्या त्यांच्या तऱ्हा नीट माहीत नसल्या तर परिणाम त्याच वळणाने जातात.

यातल्या बऱ्याच कीटकनाशकांत फॉस्फरसला दुहेरी बंधाने गंधक जोडलेला असतो. या रूपात ती विकराला फारशी जखडत नाहीत. शरीरात यकृत तो गंधक काढून तिथे ऑक्सिजन बसवते, आणि तयार होतो ऑक्सॉन. खरे विष ते. मॅलॅथिऑनचा मॅलाऑक्सॉन वेगवेगळ्या आढाव्यांत मूळ औषधापेक्षा वीस ते साठ पट विषारी धरला गेला आहे. आता मुद्दा असा, की यकृत जे काम करते तेच काम क्लोरीनही करतो. मॅलॅथिऑन, क्लोरपायरीफॉस, डायझिनॉन यांच्या पाण्यात थोडासा क्लोरीन गेला, की गंधक जाऊन ऑक्सिजन बसतो. क्लोरीन ऑक्सॉन बनवतो. तो ऑक्सॉन तोडायला मात्र आम्लारी पाणी आणि वेळ लागतो. म्हणजे चिमूटभर पावडर शिंपडून, लगेच पाण्याचा फवारा मारून मोकळे होणे हा विष जागे करून गटारात सोडण्याचा प्रकार आहे.

आणि नेमक्या त्याच वेळी वास जातो. या औषधांना कुजट, लसणासारखा जो उग्र दर्प असतो तो मुख्यतः मर्कॅप्टनसारख्या गंधकयुक्त पदार्थांचा. क्लोरीन सर्वांत आधी त्यांनाच खातो. पाच मिनिटांत दर्प ओसरतो, बघ्यांचा जीव भांड्यात पडतो, रस्ता खुला होतो. विष त्या वेळी आपल्या सर्वांत जहाल रूपात असू शकते.

एक उदाहरण जवळून पाहू. पावसाळ्यात सायन-पनवेल महामार्गावर टेम्पोतून क्लोरपायरीफॉस २० ईसीचा ५ लिटरचा कॅन पडून फुटला, असे समजा. ईसी म्हणजे औषध, झायलीनसारखे ज्वलनशील द्रावक आणि तेल पाण्यात मिसळवणारा पायसकारक यांचे मिश्रण; २० म्हणजे त्यात २० टक्के औषध. कॅनमधून ते पिवळसर तेलासारखे वाहते, पण पावसाचा थेंब पडताच दुधासारखे पांढरे होते. ते पांढरे दिसले की समजावे, आता ते पाण्याबरोबर कुठेही जाणार. म्हणून अशा सांडणीवर पहिले पाऊल पाण्याचा फवारा हे असताच कामा नये. आधी खालच्या अंगाची पर्जन्य जलवाहिनीची जाळी वाळूच्या पोत्यांनी बंद करावी, वाऱ्याच्या वरच्या बाजूने जावे, मग कोरडी वाळू किंवा माती कडेकडून आत सरकवत सांडणीवर टाकावी. मधोमध ओतली तर ती तेल बाहेर ढकलते. लाकडाचा भुसा नको. पुढे त्यावर ब्लीचिंग पावडर लागली तर तो पेट घेऊ शकतो. त्याच कारणासाठी कोरडी ब्लीचिंग पावडर थेट ईसीवर कधीच टाकू नये. ऑक्सिडीकारक आणि झायलीन एकत्र आले की आगीला निमंत्रण.

भिजलेली वाळू प्लॅस्टिकच्या किंवा न ठिणगणाऱ्या फावड्याने झाकणाच्या पिंपात भरावी, पिंपावर औषधाचे नाव, तारीख आणि 'कीटकनाशक-दूषित माती' असे ठळक लिहावे. ते पिंप देवनार किंवा कांजूरच्या कचऱ्यात जाता कामा नये; ते तळोज्याच्या सामाईक घातक कचरा केंद्रात गेले पाहिजे. भट्टीच्या दुसऱ्या कक्षात ११०० अंश सेल्सियस तापमान आणि किमान दोन सेकंदांचा वेळ मिळाला तरच ही विषे मुळापासून जळतात.

आता ब्लीचचा हिशोब. ५ लिटर कॅनमध्ये साधारण एक किलो क्लोरपायरीफॉस असते. त्यातल्या एका गंधकाचे पूर्ण ऑक्सिडीकरण करायलाच जवळपास ८०० ग्रॅम उपलब्ध क्लोरीन लागतो, म्हणजे ३० टक्क्यांची ताजी पावडर पावणेतीन किलो. मॅलॅथिऑनमध्ये दोन गंधक, तेव्हा प्रमाण साधारण दुप्पट. द्रावक, माती, गाळ हेही क्लोरीन खातात, ते वेगळेच. त्यातून दमट हवेत पोती उघडी राहिली की पावडरीतला क्लोरीन उडतो. पावसाळाभर पडून राहिलेल्या पोत्यात ३० टक्के म्हणून घेतलेली पावडर निम्म्यावर आलेली असू शकते. एखाद्या कोपऱ्यावर दोन मुठी पांढरी भुकटी टाकली तर हे गणित कुठेच जुळत नाही. म्हणून ब्लीच हा सांडलेले सगळे विष मारायचा उपाय समजू नये. नव्वद टक्के काम वाळू आणि फावडे करते. ब्लीच फक्त जमिनीला चिकटलेल्या उरल्यासुरल्या थरासाठी असते.

त्या थरासाठी ५ टक्के उपलब्ध क्लोरीनचे द्रावण वापरावे. १० लिटर पाण्याला ३० टक्क्यांची पावडर १.७ किलो, पावडर १५ टक्क्यांवर आलेली असेल तर ३.४ किलो. पावडर पाण्यात हळूहळू घालावी, पाणी पावडरीवर ओतू नये. पीएचची पट्टी बुडवून ११ च्या आसपास आहे ना पाहावे. चुन्यामुळे ब्लीचिंग पावडरीचे पाणी मुळातच आम्लारी असते, हा तिचा मोठा गुण. पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्यांचे तसे नाही: त्यातल्या एनएडीसीसी या रसायनाचे पाणी उदासीन ते किंचित आम्ल, आणि जलतरण तलावात टाकतात त्या टीसीसीए या रसायनाच्या गोळ्यांचे तर उघड आम्ल. त्या गोळ्या ऑक्सॉन बनवतील आणि तसाच ठेवतील. या कामाला त्या वर्ज्य. द्रावण जमिनीवर ओतून किमान अर्धा तास ओले राहू द्यावे, सुकत आले तर पुन्हा शिंपडावे. अर्ध्या तासानंतर पट्टीने क्लोरीन पाहावा. तो शून्य आला असेल, तर काम अर्धवट राहिले असे समजून दुसरा हात द्यावा. शेवटी धुतलेले पाणी पंपाने टाकीत घ्यावे. माहुलच्या किंवा ठाण्याच्या खाडीत ते सोडणे म्हणजे मासे आणि कोळंबीवर विष सोडणे, कारण क्लोरपायरीफॉस जलचरांना लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या हिशोबानेही मारते. आणि हे सगळे मानूनही क्लोरपायरीफॉसमधला ट्रायक्लोरोपायरिडिनॉल हा भाग उरणारच. तो विकराला जखडत नाही, पण मातीत टिकतो आणि पाण्याबरोबर हलतो. तेव्हा धुवणाचे पाणी 'मारलेले' असले तरी ते घातक कचराच.

धुण्याचा सोडा पुरे, असा एक समज आहे. तो औषधागणिक खरा-खोटा ठरतो. मॅलॅथिऑन पीएच ९ ला तासांच्या हिशोबात तुटते. क्लोरपायरीफॉसला त्याच पीएचला, २५ अंशांवर, अर्धे व्हायला सुमारे १६ दिवस लागतात. ट्रायक्लोरफॉनवर सोडा टाकला तर आधी डायक्लोरव्हॉस तयार होते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. ॲसिफेट जमिनीत मोडताना मेथामिडोफॉस देते. उंदरांवरच्या चाचण्यांत त्याची घातक मात्रा ॲसिफेटच्या कित्येक पट कमी आहे. मिथिल पॅराथिऑन आम्लारीत तुटले की पाणी गडद पिवळे होते. तो पॅरा-नायट्रोफेनॉलचा रंग, विष तुटत असल्याची खूण, पण तो स्वतःही विषारी. अशी एक पानभर यादी प्रत्येक अग्निशमन केंद्रात लॅमिनेट करून हवी: औषधाचे नाव, काय लावायचे, काय लावायचे नाही, काय उरते.

सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्यांकडे आम्ही विशेष लक्ष वेधतो. वाळवीचे औषध मारताना ते फटीतून पिण्याच्या टाकीत उतरले, असे झाले तर 'वर ब्लीचिंग टाका' हा सल्ला कृपया कुणीही देऊ नये. पालिकेच्या पाण्यात आधीच क्लोरीन आहे, आणि तो क्लोरपायरीफॉसचा ऑक्सॉन बनवायला पुरेसा आहे. झडप बंद करावी, टाकीतले पाणी टँकरमध्ये काढून वेगळे ठेवावे, टाकी साबणाच्या पाण्याने घासून तेही पाणी गोळा करावे, आणि मूळ औषध तसेच ऑक्सॉन या दोन्हींचे अहवाल आल्याशिवाय नळ सुरू करू नये.

तपासणीतली गफलत इथेच होते. प्रयोगशाळा मागितले तेच तपासते. 'क्लोरपायरीफॉस आढळले नाही' हा अहवाल खरा असेल आणि तरी पाणी प्यायच्या लायकीचे नसेल. मागणीपत्रावर मूळ औषध, त्याचा ऑक्सॉन आणि पुढचा अवशेष अशी तिन्ही नावे लिहावीत. ऑक्सॉनसाठी एलसी-एमएस (द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री) पद्धत मागावी. मिथिलफॉस्फोनिक आम्लासारखे पदार्थ साध्या गॅस क्रोमॅटोग्राफीत आधी रासायनिक रूपांतर केल्याशिवाय दिसतच नाहीत. नमुना गडद काचेच्या बाटलीत, ४ अंशांवर, आणि बाटलीत आधीच चिमूटभर सोडियम थायोसल्फेट टाकून घ्यावा. ते नसेल तर उरलेला क्लोरीन वाटेत बाटलीतच रूपांतर चालू ठेवतो, आणि प्रयोगशाळेला घटनास्थळाचे चित्र न मिळता बाटलीतले चित्र मिळते.

जागेवरच्या तपासणीला कोलिनेस्टरेजच्या पट्ट्या मिळतात. त्या स्वस्त आणि कामाच्या आहेत, पण दोन खोड्या माहीत हव्यात. गंधकवाले मूळ औषध पट्टीतल्या विकराला फारसे जखडत नाही, म्हणून पट्टी 'ठीक' दाखवते. अशा वेळी संचातल्या ऑक्सिडीकारक टप्प्यासह दुसरी पट्टी लावावी. उलट, जमिनीवर उरलेला क्लोरीन पट्टीतले विकर बिघडवतो आणि विष नसताना पट्टी विष दाखवते; त्यासाठी फडक्यावर आधी थायोसल्फेटचे पाणी घ्यावे. दोन्ही पट्ट्या, दोन जागी, सफाईआधी आणि सफाईनंतर: या आठ निकालांशिवाय 'निर्धोक' हा शब्द अहवालात येऊ नये, ही आमची पहिली मागणी.

आता रुग्णालयांबद्दल. टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ रोजी सरिन सोडला गेला, तेव्हा सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या दिवशी ६४० जण आले. नंतरच्या पाहणीत तिथल्या ११० कर्मचाऱ्यांना, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांना, लक्षणे जाणवल्याचे दिसले. रुग्णांचे कपडे उतरवले गेले नव्हते आणि बंदिस्त जागेत हवा खेळत नव्हती. कीटकनाशक सरिनइतके उडून जात नाही, म्हणजे कपड्यांत ते जास्त काळ बसते. केईएम, सायन, नायर किंवा कूपरच्या अपघात विभागाच्या दाराबाहेर, आत नव्हे, एक नळ, एक आडोसा आणि झाकणाचे पिंप एवढे हवे. कपडे कात्रीने कापून काढावेत, डोक्यावरून ओढून काढू नयेत. अंग साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे. कातडीवर ब्लीच लावू नये. नखांखाली, केसांत, कानांमागे विशेष. चामड्याचा पट्टा, चपला, घड्याळाचा पट्टा परत देऊ नयेत. चामड्यात मुरलेले विष धुऊन निघत नाही, आणि बरा होऊन घरी गेलेला माणूस तोच पट्टा बांधून पुन्हा दाखल होऊ शकतो. धुणाऱ्यांच्या हातात नायट्राइलचे जाड हातमोजे हवेत. तपासणीचे पातळ लॅटेक्स मोजे झायलीनपुढे टिकत नाहीत.

रक्ताचा नमुना बर्फावर घ्या, नाहीतर नळीतच जखडणे चालू राहते. वेळेचे भान औषध ओळखण्याशी जोडलेले आहे: जखडलेले विकर कायमचे निकामी होण्याला जो वेळ लागतो, तो डायमिथिल गटाच्या औषधांत, उदा. मॅलॅथिऑन, अर्ध्या भागासाठी साधारण पावणेचार तास. डायइथिल गटात, उदा. क्लोरपायरीफॉस, सुमारे ३३ तास. आणि सोमन या युद्धविषात काही मिनिटे. जखडलेले विकर सोडवणाऱ्या प्रॅलिडॉक्सिम या उताऱ्याचा उपयोग होईल की नाही हे यावर ठरते, म्हणून कॅनवरचे लेबल रुग्णाबरोबर आले पाहिजे, निदान मोबाइलवरचा फोटो तरी. आणि लघवीत डायअल्किल फॉस्फेट सापडले, एवढ्यावरून विषबाधेचा शिक्का मारू नये. हे मोडलेले पदार्थ भाजीवर आधीच तयार होऊन पोटात गेलेले असू शकतात. लघवीतला अवशेष संपर्क सांगतो. बाधा सांगते रक्तातले कोलिनेस्टरेज, तेही त्या माणसाच्या आधीच्या आकड्याशी ताडून. दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर सल्ला देते. तो क्रमांक अपघात विभागाच्या भिंतीवर पालिकेच्या १९१६ या मदतक्रमांकाच्या शेजारी असावा.

'त्या माणसाचा आधीचा आकडा' हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले. निरोगी माणसांतही या विकराची पातळी एकमेकांहून बरीच वेगळी असते, त्यामुळे एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. सांडणी उचलायला प्रत्यक्षात फावडे कुणाच्या हातात दिले जाते? मुकादम ज्याला हाक मारतो त्या कंत्राटी सफाई कामगाराच्या. कीटकनाशक विभागाचे फवारणी कामगार, गोदामातले माथाडी, अग्निशमन दलाचे जवान आणि हे सफाई कामगार यांच्या रक्ताची कोलिनेस्टरेज तपासणी कामाला लागण्याआधी एकदा आणि मग ठरावीक काळाने झाली पाहिजे. पातळी स्वतःच्या मूळ आकड्याच्या ७० टक्क्यांखाली आली की त्या माणसाला औषधापासून दूर दुसरे काम द्यावे, आणि त्या काळात त्याचा रोज बुडू नये. ही तपासणी महाग नाही. ती होत नसेल तर त्याचे कारण पैसा नाही, हे आम्ही स्पष्टपणे नोंदवतो.

गोदाम परवानाधारकांना शेवटचे. विष मोडायला सांडावेच लागते असे नाही. ते डब्यातही मोडते. पाकिस्तानात १९७६ साली मलेरियाच्या फवारणीत सुमारे ७५०० कामगारांपैकी २८०० जणांना विषबाधा झाली, पाच दगावले. औषध होते मॅलॅथिऑन, तुलनेने सौम्य समजले जाणारे. साठवणीत त्यात आयसोमॅलॅथिऑन तयार झाले होते. शरीर मॅलॅथिऑन पचवते ते कार्बॉक्सिलेस्टरेज या विकराच्या जोरावर, आणि आयसोमॅलॅथिऑन नेमके तेच विकर बंद पाडते. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे काढलेला, तारीख उलटलेला डबा उघडताना लेबलवरच्या विषारकता दाखवणाऱ्या त्रिकोणाच्या रंगावर विसंबू नका. तो रंग कारखान्यातून निघालेल्या औषधाचा आहे, डब्यात आज जे आहे त्याचा नाही.

त्यात बंदी आलेल्या औषधांचा जुना साठा ही मोठी जोखीम. मिथिल पॅराथिऑन आणि डायझिनॉनवर २०१८ मध्ये, तर डायक्लोरव्हॉस, फोरेट, ट्रायझोफॉस, ट्रायक्लोरफॉन यांच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. विकता येत नाही, फेकता येत नाही, म्हणून कोपऱ्यात पडून राहिलेला माल काय करू शकतो, हे शिवडीच्या हाजी बंदराने १४ जुलै २०१० रोजी दाखवले आहे. तिथे वर्षानुवर्षे पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळाला आणि आजूबाजूच्या कितीतरी लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. आपल्याकडे असा साठा असेल तर तो लपवू नका. पालिकेने आणि कृषी विभागाने मिळून दंडाची भीती न घालता एक महिन्याची मुदत द्यावी, त्या मुदतीत जो साठा जाहीर होईल तो तळोज्याला न्यायचा खर्च वाटून घ्यावा, आणि मुदत संपली की तपासणी करावी. फुगलेला, गंजलेला किंवा पाझरणारा डबा हलवण्याआधी मोठ्या पिंपात ठेवावा, भोवती कोरडी वाळू भरावी, आणि त्या टेम्पोत दुसरा कुठलाही माल, विशेषतः ब्लीचिंग पावडरीची पोती, चढवू नयेत.

या पत्रातल्या मात्रा, पट्ट्यांच्या पद्धती आणि औषधनिहाय यादी एका पानावर मराठीत आणि हिंदीत बसवून द्यायची आमची तयारी आहे. सांडणीच्या अहवालाचा नमुना आपण बदलणार असाल, तर त्यात एवढे रकाने घाला: औषधाचे नाव आणि टक्केवारी, किती लिटर सांडले, किती वाळू उचलली, पावडरीची त्या दिवशीची ताकद, द्रावणाचा पीएच, किती वेळ ओले ठेवले, सफाईआधीच्या आणि नंतरच्या पट्ट्यांचे निकाल, धुवणाचे पाणी किती लिटर आणि ते कुठल्या टाकीत आहे, काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि त्याच्या रक्ततपासणीची तारीख. जूनच्या पहिल्या पावसाआधी हा नमुना प्रत्येक वॉर्डात पोचावा, अशी आमची विनंती आहे.

कळावे,
आपले,
रसायनशास्त्र, विषशास्त्र आणि औद्योगिक सुरक्षा या क्षेत्रांत काम करणारे काही मुंबईकर